डब्बुलु डब्यात

बी.कॉम.ला अकाउंट्समध्ये मला 78 मार्क होते, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं वाचून झाल्यावर कळलं, तर तुमचा विद्यापीठावरचा विश्वास उडेल, आणि यात विद्यापीठाची काही चूक नाही.

तर 2018 च्या जुलैत मला नोकरी लागली. सोलापुरातच, एका खाजगी कचेरीत, पगार 15,000. आमच्या पूर्व भागातल्या वाड्यात ही बातमी मी स्वतः, दारोदार, पेढे न देता पसरवली. पेढे पगार झाल्यावर, असं सांगितलं होतं. ऑगस्ट उजाडला, मोबाईल वाजला आणि खात्यात 12,737 रुपये जमा झाल्याचं कळलं. मी तसाच उठून साहेबांसमोर गेलो आणि आवाजात जमेल तेवढा नम्रपणा आणून म्हणालो, "सर, माझ्या पगारात काहीतरी गडबड झालीय." त्यांनी काही न बोलता कागद पुढं सरकवला. पीएफ 1,800, ईएसआय 263, व्यवसाय कर 200.

"तुम्ही बी.कॉम. ना?"

"हो सर."

ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

(व्यवसाय कराचं आणखी एक तुम्हाला सांगून ठेवतो, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. अकरा महिने 200 कापतात आणि फेब्रुवारीत 300. वर्षातला सगळ्यांत लहान महिना आणि कात्री सगळ्यांत मोठी. गरिबाला लीप इयरचाच काय तो आधार.)

त्या रात्री जेवताना मी स्वातंत्र्याची घोषणा केली. म्हणजे भाकरी मोडता मोडता म्हणालो, "आजपासून मी आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र आहे. राहण्या-जेवण्याचे दर महिन्याला तीन हजार मी घरात देणार. कुणाचे उपकार नकोत." आईनं आमटीची पळी हवेतच थांबवली. "कुणाचे म्हणजे?" एवढंच विचारलं, आणि पळी परत पातेल्यात घातली.

आमचे बाबा एसटीत कंडक्टर. आयुष्य सोलापूर-तुळजापूर आणि सोलापूर-अक्कलकोट यांच्या मधे उभ्यानं गेलेलं. संध्याकाळी डेपोत रोकड भरताना दोन रुपये कमी पडले तर स्वतःच्या खिशातून घालायचे, जास्त पडले तर रात्रभर झोप नाही, असा माणूस. मी पाचशेच्या सहा नोटा त्यांच्यापुढं धरल्या, तेव्हा मला वाटलं होतं की त्यांना भरून येईल, ते डोळे पुसतील, निदान 'राहू दे' तरी म्हणतील. त्यांनी नोटा मोजल्या, उजेडात धरून बघितल्या आणि कपाटातून जुना तिकीट-पंच काढला. मशीनची तिकिटं आल्यापासून तो निवृत्त होऊन पडला होता. मागच्या वर्षीच्या कालनिर्णयाचं एक पान फाडून त्यांनी त्याचे चौकोन कापले, एकावर 'ऑगस्ट' लिहिलं, टिकटिक केलं आणि माझ्या हातात दिलं.

"बाबा, हे काय?"

"पैसे घेऊन तिकीट दिलं नाही तर मेमो मला मिळतो."

इथं थोडा इतिहास सांगतो. आपलं सोलापूर 1930 च्या मे महिन्यात, म्हणजे देशाच्या सतरा वर्षं आधी, तीन-चार दिवस स्वतंत्र होतं. इंग्रजांचा कारभारच गावातून उठला होता, आणि मग 12 मे रोजी मार्शल लॉ लागला. पुढं त्याच लढ्यातल्या चार जणांना सरकारनं फाशी दिलं, त्यांचे पुतळे आपण रोज बघतो. त्या माणसांच्या शेजारी माझं नाव घ्यायची माझी लायकी नाही, पण कालावधीपुरतं साम्य सांगितल्यावाचून राहवत नाही. माझंही स्वातंत्र्य दर महिन्याला तीन-चार दिवसच टिकायचं. नंतर घरात आईचा मार्शल लॉ.

कारण आईनं माझं म्हणणं मनावर घेतलं होतं. तीन हजार देणारा म्हणजे मेसचं गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाइकाला मेसचे नियम. साडेनऊनंतर जेवण नाही. पाहुणा आणायचा तर आदल्या दिवशी सांगायचं. शेंगाचटणी ताटात एकदाच, दुसऱ्यांदा मागितली तर, "बोर्डिंगमधे दोनदा वाढतात होय रे?" एरवी मी रोज चटणीचा डबाच ताटाशेजारी घेऊन बसणारा मुलगा. स्वतंत्र झाल्यामुळे पहिल्यांदा मी कोरडी कडक भाकरी पाण्याबरोबर गिळली.

तरीही मी खचलो नाही, कारण माझ्याकडे पद्धत होती. ती पद्धत माझ्या मित्रानं पुण्याहून पाठवली होती. तो हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेला आणि महिन्याभरात माझ्याहून शहाणा झाला. फोनवर म्हणाला, "का बे, तू पन्नास-तीस-वीस करत न्हाईस का?" मला वाटलं व्यायाम असेल. तर अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरन बाई, ज्या पुढं तिथल्या सिनेटर झाल्या, त्यांनी आपल्या मुलीबरोबर 2005 साली 'ऑल युवर वर्थ' नावाचं पुस्तक लिहिलं. हातात येणाऱ्या पगाराचा अर्धा भाग गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस टक्के शिलकीला, असा त्यातला नियम. मुलीचं नाव अमेलिया वॉरन त्यागी. आडनाव वाचलं आणि मी सावध व्हायला हवं होतं.

आणखी शोधलं तर जपानचं काकेबो सापडलं. घरखर्चाची वही, दर महिन्याला हातानं लिहायची, 1904 साली तिथल्या पत्रकार मोतोको हानी यांनी रूढ केलेली. एकीकडे त्यागी, दुसरीकडे हानी. मधे मी, 12,737 रुपये घेऊन.

काकेबो वहीत लिहायचं, म्हणून मी नव्या पेठेत वही घ्यायला गेलो. साधी वही हिशेबाचा अपमान करेल असं वाटल्यामुळे कापडी बांधणीची घेतली, गरजा निळ्या, हौस लाल, शिल्लक हिरवी आणि एकूण काळ्या शाईत हवं म्हणून चार पेनं घेतली, रोकड वेगवेगळी ठेवायला जाड पाकिटं घेतली, पाकिटांवर चिकटवायला रंगीत लेबलं घेतली, आणि हे सगळं न्यायला पिशवी आणली नव्हती म्हणून पिशवीही घेतली. एकूण 640 रुपये झाले. पहिल्या पानावरची पहिली नोंद: 'बचतीसाठी, 640.'

मग भागाकार केला. गरजा 6,368 रुपये 50 पैसे. हौस 3,821 रुपये 10 पैसे. शिल्लक 2,547 रुपये 40 पैसे. बेरीज पैशाला पैसा जुळली, आणि त्या आनंदात मी कोपऱ्यावर जाऊन एक स्पेशल चहा प्यायलो. परत येऊन वही उघडली आणि तिथंच अडकलो. चहा ही गरज की हौस? सकाळचा चहा गरज, यावर दुमत नाही. कचेरीतला अकराचा चहा घेतला नाही तर डोकं चालत नाही, म्हणजे तो उत्पादनखर्च. चारचा चहा सहकाऱ्याला पाजावा लागतो, म्हणजे जनसंपर्क. स्पेशल चहा मात्र हौस, पण त्यातला साधा चहा वजा करून फक्त स्पेशलपणा तेवढा हौसेत धरला तर? मी रात्री साडेबारापर्यंत चार रंगांत चहाचं विभाजन करत बसलो. दिव्याचं बिल बाबांच्या नावावर होतं.

जे कुठंच बसेना त्याला जागा मात्र मला माहीत होती. जुन्या पेढीच्या चोपड्यांत 'उचंत' नावाचं एक खातं असायचं. रक्कम गेलीय, कुठं गेली ते अजून नक्की नाही, तर तोवर उचंतात टाका. आमच्या पुस्तकात तेच सस्पेन्स अकाउंट, आणि सर सांगायचे की हे खातं तात्पुरतं असतं, चूक सापडली की बंद करायचं. ऑगस्टअखेर माझ्या वहीत गरजा 4,100, हौस 1,900, घरचे 3,000, शिल्लक शून्य आणि उचंत 3,737. पुढच्या महिन्यात उचंत वाढलं. ते खातं अजून चालू आहे.

पाकिटांचं तर विचारू नका. चार पाकिटं होती: प्रवास, कपडे, औषध, आणीबाणी. दहा तारखेला प्रवासाचं पाकीट संपलं, म्हणून मी कपड्याच्या पाकिटातून दोनशे घेतले आणि तिथं चिठ्ठी टाकली, 'प्रवासाकडून येणे 200'. मग कपडे घ्यायची वेळ आली तेव्हा औषधातून घेतले आणि चिठ्ठी टाकली. औषधाला आणीबाणीनं मदत केली. आणीबाणीला कुणी मदत करेना, तेव्हा तिनं उलट प्रवासाकडे मागितले, आणि प्रवासाच्या पाकिटात तोवर बाबांची दोन तिकिटंच होती. महिनाअखेरीला चारही पाकिटं फुगलेली, जड, बघून समाधान वाटावं अशी. आत फक्त चिठ्ठ्या.

हे सगळं समोरच्या उंबऱ्यात बसून अक्का बघत असायच्या. अक्का म्हणजे आमच्या वाड्यातल्या समोरच्या खोलीतल्या. घरी तेलुगू, दारात मराठी, आणि भाजीवालीशी कन्नड. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पान कापायचं, चिमूट टाकायची, गुंडाळायचं, तोंड दुमडायचं, दोरा मारायचा, असं दिवसाला हजार विड्या. हात सुपात, डोळे टीव्हीवरच्या तेलुगू मालिकेत आणि कान माझ्या खोलीत. विड्या कारखान्यात दिल्या की तिथं तपासून वाकड्यातिकड्या बाजूला काढतात, त्याला छाट म्हणतात, आणि छाटीला पैसे नाहीत. अक्कांची छाट फारशी निघायची नाही. माझी वही त्यांनी एकदा मागून घेतली, चार रंग बघितले, दोन पानं उलटली आणि परत देताना म्हणाल्या, "तम्मुडू, ही सगळी छाट हाय की."

तेलुगूत धाकट्या भावाला तम्मुडू म्हणतात आणि पैशाला डब्बुलु. अक्कांचा सगळा अर्थविचार या एका शब्दावर उभा होता. "डब्बुलु कशाला म्हणतात माहितय? डब्यात राहतात म्हणून." हे भाषाशास्त्राला मान्य होईल असं वाटत नाही, पण अक्कांचे डबे मात्र खरे होते. फळीवर तीन होते. तुपाचा पत्र्याचा डबा घराचा. प्लॅस्टिकची बरणी चिट्टीची, म्हणजे आपल्या भिशीची. आणि स्टीलचा डबा पोटाचा. आठवड्याची मजुरी हातात आली की आधी तुपाच्या डब्यात, मग बरणीत, आणि उरलं ते स्टीलमध्ये. मी त्यांना समजावून सांगितलं की शास्त्र उलटं आहे, आधी गरजा भागवायच्या, मग हौस, मग उरलेलं शिल्लक. त्या विडी गुंडाळायच्या थांबल्या नाहीत. "पोट ऐकतंय रे, एक दिवस डाळ पातळ केली की गप बसतंय. घराचा हप्ता ऐकतोय का?"

घर म्हणजे कुंभारीचं. असंघटित कामगारांसाठी तिथं तीस हजार घरांची रे नगर वसाहत व्हायची होती, आणि अक्कांनी त्यात नाव घातलं होतं. त्यांच्या नात्यातल्या कुणाला 2006 साली तिथंच, विडी कामगार बायकांसाठी बांधलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या दहा हजार घरांपैकी एक मिळालं होतं. ते बघून आल्यापासून तुपाच्या डब्याला अक्कांनी कधी मधूनच हात लावला नाही. माझ्या मनात मात्र त्या काळी असा विचार आला की बिचाऱ्या अक्कांना कुणीतरी पन्नास-तीस-वीस शिकवायला हवं.

जानेवारी आला. जानेवारीत सोलापूरचा माणूस अंदाजपत्रक करतो हेच मुळात चूक. सिद्धेश्वराची यात्रा, 68 लिंगांना तैलाभिषेक, सात नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, आणि होम मैदानावरचा गड्डा. माझ्या वहीत संक्रांतीचा तिळगूळ होता, 90 रुपये, हिरव्या शाईत. गड्डा नव्हता. पुण्याचा मित्र दोन सहकाऱ्यांना घेऊन आला, मी यजमान, आणि तोपर्यंत माझ्या हाती मोबाईलवरून चौकोन टिपून पैसे द्यायची विद्या आली होती. तिचा गुण असा की पैसे गेल्याचं दुःखच होत नाही. नोट देताना गांधीजी एकदा तुमच्याकडे बघतात तरी. पाळण्याला टिपलं, मौत का कुआँला टिपलं, भज्यांना टिपलं, पाळण्यातून उतरल्यावर मळमळायला लागलं म्हणून लिंबूसोड्याला टिपलं, आणि मित्रांनी नको नको म्हणताना पुन्हा पाळण्याला टिपलं.

त्या पाहुण्यांनी सोलापुरी चादरींची फार तारीफ केली, तेव्हा माझ्या डोक्यात जोडधंदा शिरला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून कारखान्याच्या भावात सहा चादरी घेतल्या, एसटी पार्सलनं पुण्याला पाठवल्या, भाडं मीच भरलं. आठ दिवसांनी तिघांचेही फोन आले. तिघेही गहिवरले होते. सोलापूरचा माणूस चादर विकतसुद्धा देतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

महिनाअखेरीला मी पासबुक भरायला बँकेत गेलो. मागं रांग होती. मशीननं पासबुक आत ओढलं आणि छापायला लागलं. पान संपलं, उलटलं, छापलं. संपलं, उलटलं, छापलं. चहा 10, चहा 10, पाळणा 60, चहा 10. माझ्यामागच्या पेन्शनवाल्या आजोबांनी खांद्यावरून वाकून वाचायला सुरुवात केली आणि चौथ्या पानावर हळूच विचारलं, "साखरेचा त्रास नाही ना रे बाळा तुला?" शेवटी मशीन दमलं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "पासबुक भरलं. नवीन घ्या." मला आयुष्यात भरलेलं असं तेवढंच काहीतरी मिळालं. शिल्लक होती 214 रुपये.

एक फेब्रुवारीला व्यवसाय कराचे 300 कापून पगार आला, जुनी देणी देऊन झाली आणि घरात द्यायला 1,500 उरले. मी ते बाबांपुढं धरले आणि दुसरीकडे बघत राहिलो. त्यांनी मोजले. काही बोलले नाहीत. कालनिर्णयाचा चौकोन घेतला, त्यावर 'फेब्रुवारी' लिहिलं आणि कात्रीनं तो मधोमध कापला.

"अर्धं तिकीट," बाबा म्हणाले. "बारा वर्षांखालच्यांना देतात."

आईनं त्या दिवशी शेंगाचटणी दोनदा वाढली. ते जास्त लागलं.

आता मला कळून चुकलं होतं की दोष माझा नाही, साधनांचा आहे. वही मागास होती. हिशेबासाठी मोबाईलमध्ये ॲप मिळतात, खर्च केला की तिथल्या तिथं नोंद, महिनाअखेरीला रंगीत चकती. माझ्या जुन्या फोनमध्ये ते ॲप टाकलं की फोन गरम होऊन बंद पडायचा. म्हणजे खर्च किती होतो ते कळण्यासाठी नवा फोन घेणं भाग होतं. किंमत 9,999. नेमक्या त्याच वेळी अक्कांच्या चिट्टीत एक जागा रिकामी झाली.

चिट्टी साधी होती. वीस जण, महिन्याला पाचशे, एकूण दहा हजार. वीस जण म्हणजे एकोणीस बायका आणि मी. दर महिन्याला लिलाव. ज्याला रकमेची घाई तो बोलायचा, मी एवढे सोडतो. जो जास्त सोडेल त्याला रक्कम, आणि सोडलेले पैसे विसांत सारखे वाटायचे. ज्याला घाई नाही तो शेवटपर्यंत थांबतो आणि दर महिन्याचा वाटा खात बसतो. चार पैसे तो नुसत्या धीराचे कमावतो. हे मला नीट समजलं होतं, हे तुम्ही लक्षात घ्या. चिट फंडाचा 1982 चा कायदा आम्हाला अभ्यासाला होता, आणि आमची ही भिशी त्या कायद्यात न बसणारी, नुसत्या एकमेकींच्या तोंडाकडे बघून चालणारी आहे, हेही मी अक्कांना पहिल्या दिवशी ऐकवलं होतं. त्यांनी मला चहा दिला होता.

तिसऱ्या महिन्याचा लिलाव. रविवारची संध्याकाळ, वाड्याच्या चौकात बायका बसलेल्या, निम्म्यांच्या मांडीवर सूप, बोलता बोलता हात चालूच. एकीनं म्हटलं, "दोनशे." दुसरी म्हणाली, "अडीचशे." कोपऱ्यातल्या एक आजी, दात नाहीत, डोळे मिटलेले, म्हणाल्या, "तीनशे." आणि मला लिलावाचा ताप चढला. समोर मला तो फोन दिसत होता, आजी मला हरवणार असं दिसत होतं, आणि डोक्यात बी.कॉम.चं गणित पळत होतं: मी कितीही सोडले तरी ते वाटले जाणारच आहेत, वाटले जाणार म्हणजे मलाही मिळणार, मिळणार म्हणजे ते गेले कुठं? घरातल्या घरात!

"तीन हजार!" मी ओरडलो.

चौकात आवाज बंद झाला. विड्या वळणारे हात थांबले. इतक्या वर्षांत ते हात थांबलेले मी पहिल्यांदा पाहिले. आजींनी डोळे उघडले.

"तम्मुडू," अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "तीनशे म्हणायचं होतं का तुला?"

आता माघार घेणं शोभलं नसतं. "तीन हजारच," मी म्हणालो. "हिशेब केलाय मी."

मला सात हजार मिळाले. सोडलेल्या तीन हजारांतला माझा विसावा हिस्सा, जो घरातल्या घरात परत येणार होता, तो आला: 150 रुपये. त्या महिन्यात बाकीच्या एकोणीस जणींना पाचशेऐवजी साडेतीनशेच भरावे लागले, आणि पुढं कितीतरी दिवस वाड्यातली कुठलीही बाई समोर आली की माझ्याकडे बघून मायेनं हसायची. एकीनं गुळाची शेंगापोळी पाठवली. आजींनी मला पुढच्या चिट्टीतही घ्या अशी शिफारस केली. मी मात्र राहिलेले सतरा महिने हप्ते भरत होतो, आणि फोनला कमी पडलेल्या तीन हजारांचे हप्ते वेगळे.

ॲपनं पहिल्याच रात्री अकरा वाजता कळवलं की मी या महिन्याच्या अंदाजपत्रकाचा 92 टक्के भाग वापरला आहे. तारीख सहा होती. मी शांतपणे ॲपचा आवाज बंद केला. रंगीत चकती यायची ती मात्र खरंच सुंदर होती, जवळजवळ सगळी एकाच रंगाची, आणि त्या रंगाला ॲपनं नाव दिलं होतं 'इतर'. आपलं उचंतच, कोट-टाय घालून आलेलं.

असे दिवस गेले. पगार वाढला. पीएफ तेवढा माझ्या हातात येण्याआधीच कापला जात होता म्हणून वाचला. आज माझ्या नावावर जी काही पुंजी दिसते ती ज्याच्याबद्दल मी साहेबांकडे तक्रार घेऊन गेलो होतो तीच, हे मी साहेबांना अजून सांगितलेलं नाही. पोस्टात पाच वर्षांचं आवर्ती खातं उघडलं होतं. साठ हप्ते असतात त्याला. मी बारा भरले, आणि तेराव्याच्या वेळी परत जानेवारी आला.

19 जानेवारी 2024 ला रे नगरच्या पहिल्या पंधरा हजार घरांचं पंतप्रधानांच्या हस्ते लोकार्पण झालं, आणि त्या उन्हाळ्यात अक्का कुंभारीला निघाल्या. दारात छोटा हत्ती उभा. मी गादी उचलली, फळी उचलली, सूप मात्र त्यांनी कुणाला धरू दिलं नाही. तिन्ही डबे त्यांच्या मांडीवर. तुपाचा डबा हलवून बघितला, रिकामा वाजला, तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या. वाड्यातल्या सगळ्या बायका दारात, आई डोळ्यांना पदर लावून, बाबा ड्यूटीवरून नुकतेच आलेले, खाकी कपड्यातच. टेम्पोवाला म्हणाला, आठशे झाले. अक्कांनी स्टीलच्या डब्याला हात घातला, तेव्हा मला एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत या बाईनं मला किती चहा पाजला असेल, तो कुठल्याच रंगात कधी लिहिला नव्हता. मी त्यांचा हात धरला. "अक्का, एवढं मला करू द्या."

"नको रे तम्मुडू."

"ऐका माझं. कमावतो मी आता."

सगळा वाडा बघत होता. मी फोन काढला, टेम्पोवाल्याचा चौकोन टिपला, आठशे लिहिले, आकडे दाबले आणि पडदा सगळ्यांना दिसेल असा धरला. चक्र फिरलं. थांबलं. लाल अक्षरं आली: शिल्लक अपुरी.

अक्कांनी गपचूप डबा उघडला, चार नोटा मोजून टेम्पोवाल्याला दिल्या आणि नातीला म्हणाल्या, "लिही गं, तम्मुडूच्या नावावर आठशे." कुणीच काही बोललं नाही. त्या शांततेत माझ्या पाठीमागून, खाकी पँटच्या खिशातून, हळूच आवाज आला.

टिकटिक.